काळी गाडी, रोजचं फडकं आणि अठ्ठावीस हजारांचं कोटिंग

पत्र असं आलंय: "मी बेळगावात मजगावला राहतो, कामाला उद्यमबागेत फौंड्रीत आहे. सात महिन्यांमागं काळ्या रंगाची नवीन गाडी घेतली, घरातली पहिलीच. गल्लीतला एक पोरगा रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन पुसून जातो, त्याला महिन्याचे पैसे ठरवून दिलेत. दर शनिवारी गावी जातो, संकेश्वरच्या बाजूला, सीझनमधे तर उसाच्या ट्रॅक्टरच्या मागनंच. आता उन्हात गाडी बघितली की बॉनेटवर सगळी गोल गोल जाळी दिसायल्यात, आणि छतावरनं हात फिरवला की खडबडीत लागतंय. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो सिरॅमिक कोटिंग करून घ्या, अठ्ठावीस हजार, मग दोन-तीन वर्षं बघायचं कामच नाही. बाबा म्हणतात रॉकेलचं फडकं मार, आमच्या वेळच्या गाड्या तशाच चमकायच्या. कुणाचं ऐकू?"

दादा, आत्ता लगेच कुणाचंच ऐकू नका, आणि अठ्ठावीस हजार आधी बँकेतच राहू देत. गाडी तुमची खराब झालेली नाही, अजून सगळं परत येण्यासारखं आहे, पण एक गोष्ट उद्या सकाळपासनं बंद करायला पाहिजे आणि ती म्हणजे ते रोजचं पुसणं. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाला फारसं काही करत नाही हो, ती जाग्यावर पडून असते. फडक्याखाली घालून ती आपणच बॉनेटभर फिरवतो तेव्हा चरे पडतात. सात महिने रोज म्हणजे बघा किती वेळा ती कच त्या रंगावरनं फिरली असेल.

रंग म्हणजे किती जाड असतो ते सांगतो म्हणजे पटेल. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर तुमचा काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतनं आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद घ्या, जेमतेम तेवढंच. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन, म्हणजे अर्धा कागद. ऊन, पाऊस, कावळ्याची घाण, सगळं त्या अर्ध्या कागदानं झेलायचं असतं, आणि गाडीची जी चमक म्हणतो आपण ती पण त्याचीच. जाळी पडल्यात त्या या क्लिअर कोटच्या वरच्या वरच आहेत, खाली काळ्या रंगापर्यंत गेलेल्या नाहीत, म्हणून निघतात.

संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून बॉनेटवर तिरका धरा. टॉर्चच्या उजेडाभोवती बारीक केसासारख्या रेघा गोल फेर धरलेल्या दिसतील. टॉर्च सरकवला की तो गोल पण सरकतो, म्हणजे चरे काही गोल पडलेले नसतात, सगळ्या दिशांनी असतात, पण उजेडाभोवतीचे तेवढेच चमकतात म्हणून गोल वाटतात. पांढऱ्या गाडीवर पण हेच असतं, फक्त दिसत नाही. काळ्या रंगाला काही लपवता येत नाही, त्यामुळं तुमच्या शेजाऱ्याची पांढरी गाडी त्याच पोराच्या हातची असून चांगली दिसत असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तिची पण तीच अवस्था आहे.

आता त्या पोराचं. त्याला काढून टाकू नका, माझी विनंती आहे. त्याला कुणी कधी दाखवलेलंच नाही, एक बादली आणि एक फडकं देऊन दहा गाड्या पुसायला लावल्यावर तो बिचारा दुसरं काय करणार, दहाव्या गाडीपर्यंत त्या पाण्याचा चिखलच झालेला असतो. महिन्याचे पैसे तेवढेच द्या आणि सांगा की रोज नको, आठवड्यातनं एकदा ये पण मी सांगतो तसं धू. रोज फक्त काचा पुसल्यास तरी चालेल, त्याही वेगळ्या फडक्यानं. सामान तुम्ही आणून द्या: दोन बादल्या, गाडीचा शांपू, मायक्रोफायबरचा हातमोजा, पाणी टिपायला एक मोठा जाड टॉवेल, आणि चाकांसाठी वेगळा ब्रश. हे सगळं मिळून त्या अठ्ठावीस हजारांचा छोटासा तुकडा पण होत नाही.

धुवायचं कसं ते नीट सांगतो, कारण खरा फरक इथंच पडतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, आणि बॉनेटला हात लावून बघायचं, गार असलं पाहिजे. पहिल्यांदा चाकं, त्यांचं पाणी वेगळं, ब्रश वेगळा, कारण चाकावर ब्रेकची लोखंडी धूळ असते आणि तो ब्रश चुकूनसुद्धा बॉडीला लागता कामा नये. मग सगळ्या गाडीवर वरनं खाली भरपूर पाणी मारायचं, हात न लावता. पाईप असला तर पाईपनं, नसला तर मगानं. सुटी माती जेवढी या पाण्यातनं वाहून जाईल तेवढी चांगली, ती हाताखाली येणार नाही. घरात प्रेशर वॉशर असेल आणि फोमची बाटली असेल तर फेस मारून चार-पाच मिनिटं ठेवा, माती मऊ पडते, फक्त फेस वाळू द्यायचा नाही, आणि नोझल बॉडीपासनं फूट-दीड फूट लांब, दगड लागून कुठं टवका उडाला असेल तिथं तर जवळनं अजिबात नको, रंगाची कड उचलून येते.

मग एका बादलीत शांपूचं पाणी, दुसऱ्या बादलीत नुसतं स्वच्छ पाणी. हातमोजा शांपूत बुडवायचा, छतापासनं सुरू करायचं, एक भाग झाला की आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळून पिळायचा आणि मगच परत शांपूत. दाबायचं नाही, मोज्याच्या वजनानंच जे निघतंय ते निघू द्यायचं, आणि गोल गोल न फिरवता सरळ रेषेत. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, तिथंच खरी कच चिकटलेली असते. गाडी धुऊन झाल्यावर त्या दुसऱ्या बादलीचं पाणी हळूच ओतून द्या आणि तळाला बघा, बोटानं चाचपून बघा, बारीक वाळू बसलेली असते. पोराला पण ती दाखवा. एक बादली असती तर ही वाळू मोज्यातनं परत बॉनेटवर गेली असती, हे त्याला एकदा डोळ्यांनी दिसलं की परत सांगावं लागत नाही. आणि मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो वापरायचा नाही, यात सवलत नको.

पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडं बऱ्याच घरात गाडीला बोअरचंच पाणी वापरतात आणि त्यात क्षार असतात. गाडी आपोआप वाळू दिली की थेंबातलं पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच पांढरा गोल करून बसतात, वर ऊन लागलं की ते क्लिअर कोटमधे खोल रुतत जातात. म्हणून शेवटचं पाणी मारलं की लगेच टिपून घ्यायचं. टॉवेल पसरायचा आणि ओढून घ्यायचा, घासायचं नाही. जे डाग आधीच पडलेत त्यांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून एका ठिकाणी लावून बघा, मिनिटभरात ओल्या फडक्यानं काढून स्वच्छ धुवा, वाळू देऊ नका. जुने डाग याला दाद देत नाहीत, ते पॉलिशलाच निघतात. एप्रिल-मेमधे पाण्याची ओढ असते तेव्हा बादल्या बादल्या पाणी गाडीवर घालणं मनाला पटत नाही, तेव्हासाठी रिन्सलेस वॉश म्हणून मिळतं, एका बादलीत थोडंसं टाकायचं, त्यात पाच-सहा मायक्रोफायबर भिजवून ठेवायचे, दर भागाला नवीन स्वच्छ घडी आणि वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही. वरनं पाणी मारायची गरज नाही. पण हे धुळीच्या गाडीला, चिखलाच्या गाडीला नाही.

छतावर हाताला जे खडबडीत लागतंय ना, ते मला वाटतं तुमच्या कामाच्या ठिकाणचं आहे. फौंड्रीच्या परिसरात ग्राइंडिंगची आणि ओतकामाची बारीक लोखंडी धूळ हवेत असतेच, ती रंगावर बसते, ओलाव्यानं गंजते आणि रुतून बसते. पांढऱ्या गाड्यांवर तांबूस ठिपके दिसतात ते हेच, काळ्यावर दिसत नाहीत पण हाताला कळतात. गाडी धुऊन वाळवल्यावर हाताला एक पातळ कॅरीबॅग घाला आणि बोटं हळूच छतावरनं फिरवा, बॅगेतनं प्रत्येक कण वेगळा लागेल. हे शांपूनं निघत नाही आणि घासून काढायला गेलात तर कण निघायच्या आधी रंग जाईल. याला आयर्न रिमूव्हर मिळतो, फवारला की लोखंडाशी रिॲक्शन होऊन जांभळं पाणी वाहायला लागतं, वास घाण येतो, हातमोजे घाला, सावलीत करा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुऊन टाका. त्यानंतरही काही राहिलं तर क्ले बार, म्हणजे मातीच्या गोळ्यासारखा असतो, भरपूर शांपूपाणी लावून त्यावरनं हलक्या हातानं सरकवायचा, तो चिकटलेली घाण उचलून घेतो. क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्यायचा. आणि क्लेनं स्वतःचे बारीक चरे पडतातच, काळ्या रंगावर तर दिसणारच, त्यामुळं क्ले करायचं ते पॉलिश ठरलेलं असेल तेव्हाच, त्याच्या आदल्या दिवशी. कंपनीत जागा मिळाली तर गाडी शेडपासनं लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावायची सवय करा, याला खर्च काही नाही.

संकेश्वरच्या रस्त्याचं तुम्ही लिहिलंय ते तर सगळ्यांचंच आहे. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात, चिमणीतनं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख येते, शेतात पाला पेटवतात त्याची काजळी येते, सकाळी गाडीवर काळे काळे तुकडे पडलेले असतात. कितीही मोह झाला तरी ते हातानं किंवा झटकणीनं झटकायचे नाहीत, नुसत्या पाण्यानं घालवायचे. झटकणी तर गाडीतनं काढूनच टाका. डांबराचे काळे थेंब दारांच्या खाली लागतात त्यांना टार रिमूव्हर लावून दोन मिनिटं थांबा, विरघळून खाली ओघळतात, नखानं खरवडू नका. आणि पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, चोर्ला करून गोव्याला जाऊन आलात तर तो तांबडा चिखल वाळायच्या आत पाण्यानं काढा, मडगार्डच्या आतनं पण. वाळल्यावर तो पुसायला घेतला की एका दिवसात सात महिन्यांचे चरे पडतील.

पक्ष्यांच्या घाणीला मात्र आठवडा थांबायचं नाही, धुळीला थांबलं तर चालतं, याला नाही. ती आम्लाची असते आणि तापलेल्या बॉनेटवर काही तासात रंगात डाग उमटवते. कँपात मोठ्या झाडांखाली गाडी लावणाऱ्यांना हे रोजचं आहे, वर झाडाचा चीक वेगळाच. दाराच्या कप्प्यात पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा. दिसलं की पाणी मारून ओलं फडकं त्यावर नुसतं ठेवायचं, पाच मिनिटांनी उचलायचं, त्याच्याबरोबर सगळं निघून येतं.

बाबांचं रॉकेल. बाबांना चुकीचं म्हणू नका, त्यांच्या वेळच्या गाड्यांवर असा क्लिअर कोट नसायचा, वरचा थर रंगाचाच, घासला की फडक्याला रंग लागायचा आणि खालनं नवा रंग चमकायचा, तेलकट हात फिरला की अजून खुलायचा. आत्ताच्या रंगावर रॉकेल किंवा डिझेल मारलं की वॅक्स असेल ते निघून जातं, तेलकट थर राहतो, त्यावर धूळ दुप्पट बसते आणि रबरी पट्ट्या फुगतात. वॉशिंग सेंटरवाले खालनं आणि काळ्या प्लास्टिकवर मारतात, त्यांना पण नको म्हणून सांगा. तसंच कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण, दोन्ही गाडीला नकोत, पोराला हे वेगळं सांगायला लागेल कारण घरात तेच हाताशी असतंय.

आता कोटिंगचं. सिरॅमिक म्हणजे क्लिअर कोटवर लावायचा अजून एक पातळ पारदर्शक थर. ते वाईट नाही, चांगलं केलेलं असलं तर पाणी झरझर उतरतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, ऊन आणि पक्ष्यांच्या घाणीपासनं थोडा जास्त वेळ मिळतो. पण "बघायचं कामच नाही" हे खरं नाही. त्यावर पण चरे पडतात. 9एच म्हणून जे सांगतात ते पेन्सिलनं ओरखडून करायच्या टेस्टचं माप आहे, वाळूपुढं त्याचा काही उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या मागनं उडालेला दगड ते अडवत नाही, तो अडवायला पीपीएफ लागते, ती जाड पारदर्शक फिल्म असते आणि तिचे पैसे अजून जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता आहे त्या जाळीवर कोटिंग मारलं तर जाळी त्याखाली दोन-तीन वर्षं बंद होऊन बसेल, मग ती काढायची तर कोटिंगच घासून काढायला लागेल. कोटिंगच्या आधी पॉलिश केलंच पाहिजे, आणि कोटिंगनंतर धुणारा हात सुधारलेला नसेल तर सहा महिन्यात तुम्ही परत मला हेच पत्र लिहाल.

त्यामुळं माझं म्हणणं असं आहे. दोन महिने आधी वर सांगितलं तसं धुऊन बघा, पोराचा हात बसू दे. मग चांगला डिटेलर, म्हणजे रंगाची सफाई आणि पॉलिश नीट करणारा माणूस, शोधा, बेळगावात आता आहेत, आणि जाऊन त्याला दोन गोष्टी विचारा: रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का, आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यात हातभर जागेत पॉलिश करून दाखवशील का. मीटर ज्याच्याकडं आहे तो किती क्लिअर कोट शिल्लक आहे त्या अंदाजानं हात चालवतो. पॉलिश म्हणजे शेवटी क्लिअर कोट घासूनच काढणं आहे, दर वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड म्हणजे जाडसर पॉलिश, ते जोरात मारलं तर त्याहून जास्त, म्हणून हे दर वर्षी करायचं काम नाही. तुमच्या गाडीला एका हलक्या फेरीत बहुतेक जाळी निघतील. दहा-वीस टक्के खोल चरे राहिले तर राहू देत, त्यांच्यामागं लागून रंग पातळ करू नका. वॉशिंग सेंटरवर तासाभरात जे "रबिंग पॉलिश" करतात त्यापासनं लांब राहा, त्यात चरे भरून टाकणारा तेलकट माल असतो, दोन धुण्यात जाळी परत वर येतात. पॉलिश झालं की त्यावर साधा सिलंट, म्हणजे वॅक्ससारखा रंग राखणारा थर, लावून घ्या, चार-सहा महिने टिकतो, घरी पण लावता येतो, आणि तेवढ्यात तुम्हाला कळेल की गाडी सांभाळली जातेय की नाही. जात असली तर मग सिरॅमिक खुशाल करा, आणि हायवेचं येणं-जाणं कायमचंच असेल तर त्याच पैशात फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला पीपीएफ किती पडते ते पण विचारून ठेवा, तुमच्या रस्त्याला मला ते जास्त कामाचं वाटतं.

दसरा येईल तेव्हासाठी एक. पूजा घरातली आहे, गाडी पहिलीच आहे, करायलाच पाहिजे आणि हौसेनं करा. फक्त हळद-कुंकू बॉनेटवर बोटानं दाबून ओढू नका, काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावा, आणि झेंडूचा हार तारेवर ओवलेला असेल तर तो दोऱ्यावर ओवून घ्या, हार लावून गाडी चालवली की तार त्याच जागी घासत राहते आणि तो चरा खोल जातो. लिंबाचा रस उडाला असेल तर संध्याकाळी पाणी मारून टाका.

गाडीवर कव्हर घालता की नाही ते लिहिलेलं नाही. घालत असाल तर धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवरच घाला, धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं दिवसभर घासत राहतं. मायक्रोफायबर घरातल्या सुती कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका, त्यांचे धागे यात अडकतात, वेगळे धुवा आणि कम्फर्टसारखं काही घालू नका, पाणी टिपायची ताकद जाते. चाकाचा ब्रश आणि चाकाची फडकी वेगळ्या रंगाची घ्या म्हणजे पोराच्या हातनं अदलाबदल होणार नाही.

पॉलिश करायच्या आधी आणि नंतर बॉनेटचा टॉर्चखालचा फोटो काढून पाठवा, आणि डिटेलरनं मीटरवर किती आकडे दाखवले ते पण लिहा, कोटिंगचं मग त्यावरनं बोलू.